उतरतं पाणी आणि पानातलं पाणी

शनिवार, सारापिकी

काकांना जाबिरू बघायचा होता आणि मला स्ट्रॉबेरी बेडूक. एक करकोचा, दुसरा विषारी बेडूक. दोघंही कोस्टारिकात राहतात, देश आपल्या महाराष्ट्राच्या सहाव्या भागाएवढासुद्धा नाही, तरी बेत ठरवताना आमची फोनवर भांडणं झाली. कारण जाबिरू बघायचा तर कोरडा ऋतू हवा आणि बेडूक बघायचा तर पाऊस. शेवटी मार्चवर तडजोड झाली. पॅसिफिकच्या बाजूला तेव्हा कडक उन्हाळा असतो. कॅरिबियनच्या बाजूला पाऊस कमी होतो, पण थांबत नाही.

काका न्यू जर्सीहून आले, मी पुण्याहून. सान होसेच्या विमानतळावर भेटल्या भेटल्या त्यांनी विचारलं, "चटणी आणलीस ना?" शेंगदाण्याची आणली होती. त्यांनी पिशवी चाचपून खात्री करून घेतली आणि मगच माझी विचारपूस केली.

गाडी ब्राउलिओ कारिल्यो राष्ट्रीय उद्यानाच्या घाटातून उतरते. दोन्ही बाजूंना ढग आणि झाडं, मध्ये कंटेनरच्या ट्रकांची रांग. घाट संपला की हवा एकदम जड होते. आंबोलीत ऑगस्टमध्ये अंगावर जी ओल बसते तीच ही, फक्त गरम. सारापिकीच्या भागात वर्षाला सुमारे 4000 मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोलीत याहून जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत उरकतो. इथे तो वर्षभर वाटून घेतलेला आहे, आणि बेडकांच्या दृष्टीनं सगळा फरक तिथेच पडतो.

रविवार, ला सेल्वा

ला सेल्वा हे संशोधन केंद्र आहे. लेस्ली होल्ड्रिज या वनशास्त्रज्ञानं 1954 मध्ये इथे जमीन घेऊन कोको आणि इतर झाडांचे प्रयोग सुरू केले. 1968 मध्ये ती ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज या संशोधन संस्थेनं विकत घेतली. आज सुमारे 1600 हेक्टर जंगल आहे आणि त्याची पाठ थेट ब्राउलिओ कारिल्योच्या डोंगराला टेकलेली आहे. आत जायला पुएर्तो व्हिएहो नदीवरचा झुलता पूल ओलांडावा लागतो. पुलावर काका मधोमध थांबले आणि खाली पाण्याकडे बघत म्हणाले, "इथे करकोचा उभा राहणार नाही. फार खोल आहे आणि फार जोरात वाहतंय." त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

बेडूक शोधावा लागलाच नाही. आधी आवाज आला. किड्यासारखा, कोरडा, एकसारखा चिर्र चिर्र. आमच्या गाईडनं बोट दाखवलं तिथे पाचोळ्यातून वर आलेल्या एका मुळावर तो बसला होता. पेटलेला लाल, आणि मागचे पाय निळे. इथे त्याला 'ब्लू जीन्स' म्हणतात. लांबी दोन सेंटिमीटरच्या आसपास, वजन एका ग्रॅमच्या आतबाहेर. फोटोंत हा प्राणी नेहमी मोठा दिसतो, कारण फोटोत शेजारी माप नसतं. प्रत्यक्षात काकांना तो दिसायलाच वेळ लागला. "अगं, हा? एवढासा?" त्यांच्या आवाजातली निराशा मला लागली. आठ किलोच्या पक्ष्याची वाट बघणाऱ्या माणसाला एका ग्रॅमचं कौतुक कसं वाटावं!

पण तो एक ग्रॅम जागचा हलेना. आम्ही हातभर अंतरावर वाकून उभे, आणि हा गळा फुगवून ओरडतोच आहे. आपल्याकडचे बेडूक रात्री ओरडतात आणि पाऊल वाजलं की डुबकी मारतात. हा भर दिवसा, उघड्यावर बसतो. ओरडणं नराचं, आपली काही चौरस मीटरची जागा राखण्यासाठी. दुसरा नर जवळ आला तर दोघं मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना ढकलतात. आम्हाला कुस्ती बघायला मिळाली नाही. गाईडनं हातानं करून दाखवली, ती पुरेशी होती.

हा बेफिकीरपणा अंगातल्या विषाचा. कातडीत पुमिलिओटॉक्सिन आणि त्याच्या गोतावळ्यातली अल्कलॉइड ही विषारी रसायनं असतात, आणि लाल रंग ही त्याची आगाऊ सूचना. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे विष त्याचं स्वतःचं नाही. ते तो खातो. पाचोळ्यातल्या मुंग्या आणि त्याहून जास्त करून माइट, आपले शेतकरी ज्यांना कोळी कीड म्हणतात त्यांचे जमिनीतले भाऊबंद, यांच्या अंगात ही रसायनं असतात. बेडूक ती पचवून न टाकता कातडीत साठवतो. हाच बेडूक काचेच्या पेटीत फळमाश्या खाऊन वाढला तर त्याला विष नसतं. रंग मात्र तसाच येतो. म्हणजे हौशी लोकांच्या पेट्यांमध्ये जे मिरवतात ते नुसते रंगीत असतात.

बाणांना लावायच्या विषाची गोष्टही गाईडनं साफ केली, कारण आमच्या पुढच्या गटातले लोक त्यावरून घाबरलेले होते. फुंकनळीच्या बाणांना बेडकाचं विष लावण्याची रीत कोलंबियातल्या पॅसिफिककाठच्या एंबेरा लोकांची, आणि तेही फिलोबेटिस वंशाच्या मोजक्या जातींचं. या लाल बेडकाचा त्याच्याशी संबंध नाही. हात लावू नये हे खरंच, पण ते जितकं आपल्यासाठी तितकंच त्याच्यासाठी. आपल्या हाताला डास पळवायचं मलम असतं आणि त्याची कातडी सगळं शोषून घेते.

दुपारी जुन्या कोकोच्या बागेत गेलो. बाग सोडून दिलेली, पानांचा जाड थर, आणि बेडूक जंगलापेक्षा इथे जास्त. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की ला सेल्वाच्या जंगलात पाचोळ्यावर राहणारे उभयचर आणि सरडे 35 वर्षांत सुमारे 75 टक्क्यांनी घटले होते. राखीव, कुणी न तोडलेल्या जंगलात. अभ्यासकांचा संशय हवामानातल्या बदलामुळे पाचोळाच कमी होण्यावर होता, आणि कोकोच्या बागेत मात्र तशी घट नव्हती. कोकोची झाडं भरपूर पानं गाळतात. एवढ्याशा प्राण्याचं नशीब असं झाड किती पानं टाकतं यावर ठरतं.

काकांना शेवटी पटवलं ते एका डिफेनबेकियानं. हो, तोच, पुण्यात सोसायटीच्या जिन्यात कुंडीतून उभा असतो तो. इथे तो जंगलात आपोआप उगवतो. गाईडनं त्याच्या पानाच्या बेचक्यात टॉर्च मारला. चमचाभर पाणी, आणि त्यात एक काळपट बेडूकमासा.

मादी पाचोळ्यात तीन ते पाच अंडी घालते. नर त्यांच्यावर अधूनमधून मूत्राशय रिकामं करून ती ओली ठेवतो. ("बापाचं योगदान," काका म्हणाले.) आठवड्याभरानं, थोडं पुढेमागे, अंडी फुटली की आई एकेका पिल्लाला पाठीवर घेऊन झाडावर चढते आणि ब्रोमेलियाडच्या (झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या, अननसाच्या कुळातल्या वनस्पतीच्या) किंवा अशाच एखाद्या पानाच्या बेचक्यातल्या पाण्यात सोडते. एका बेचक्यात एकच. त्या पाण्यात खायला काही नसतं. म्हणून ती दर थोड्या दिवसांनी परत येते आणि पिल्लासाठी न फळलेली अंडी घालते. पिल्लू दुसरं काही खातच नाही. ती आली की ते अंग ताठ करून थरथरतं, म्हणजे मागतं. साधारण दीड महिना हे चालतं. त्या अंड्यांतून आई पिल्लाला विषही पोचवते, त्यामुळे माइट खायला तोंड तयार होण्याआधीच पिल्लाकडे थोडंफार संरक्षण असतं.

आणि यातला खरा चटका: ती पिल्लू ओळखत नाही, जागा ओळखते. संशोधकांनी पिल्लं अदलाबदल करून पाहिली, तर तिनं आपल्या बेचक्यात असलेल्या परक्या पिल्लालाही खाऊ घातलं. काका बराच वेळ त्या पानाशी वाकून होते. मग म्हणाले, "हे पाणी आटलं तर?" आटलं तर संपलं.

सोमवार, रस्त्यात

सारापिकीहून कान्यो नेग्रो, म्हणजे जाबिरूच्या दलदलीकडे. सकाळी गायो पिंतो, म्हणजे काळ्या घेवड्याबरोबर परतलेला भात, वर अंडं आणि लिसानोचा सॉस. काकांनी सॉस बाजूला सारून शेंगदाण्याची चटणी घेतली. वाढणाऱ्या बाईंनी वास घेऊन पाहिला, चमच्याच्या टोकावर चाखली आणि मान डोलावून निघून गेल्या. पसंत पडली की नाही कळलं नाही.

उरलेला रस्ता अननसांचा. कोस्टारिका जगातला सर्वांत मोठा ताज्या अननसाचा निर्यातदार आहे आणि उत्तरेच्या या सपाटीवर ते दिसतं. क्षितिजापर्यंत सरळ ओळी, मध्ये उघडी लाल माती. ती माती पावसात कुठे जात असेल हे विचारायची गरज नव्हती, इथले बरेच ओढे उत्तरेच्या सखल पाण्याकडेच उतरतात.

मंगळवार, कान्यो नेग्रो

पहाटे बोट. रिओ फ्रिओ ही नदी उत्तरेला निकाराग्वाच्या दिशेनं वाहते आणि सरहद्दीच्या अलीकडे या सखल भागात पसरते. पावसाळ्यात इथे शेकडो हेक्टरांचं उथळ तळं होतं. जानेवारीपासून ते ओसरू लागतं आणि एप्रिलपर्यंत कुरणं आणि डबकी उरतात. 1991 मध्ये हे ठिकाण रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलं. पाण्यात गास्पार नावाचा लांब तोंडाचा, जाड खवल्यांचा मासा आहे, फार जुन्या घराण्यातला. काठावर केमन मगरी उन्हाला पडलेल्या.

उजनीच्या पाण्यावर, भिगवणला, फेब्रुवारीत गेलेल्या कुणालाही इथलं पहिलं दृश्य ओळखीचं वाटेल. चित्रबलाकाचा जवळचा नातेवाईक, वूड स्टॉर्क, चिखलात उघडी चोच बुडवून ओळीनं चालत होता. त्याच वंशातला, चालही तीच. ऊन चढलं तसा एकानं आपल्याच पायांवर विष्ठा सोडली. ती वाळताना पाय थंड होतात. काका म्हणाले, "हे मला ठाऊक आहे, हे तू लिहू नकोस." लिहिलं.

मग बोटवाल्यानं इंजिन बंद केलं.

जाबिरू लांबून पक्षी वाटतच नाही. कुणी पांढरा सदरा घालून गुडघाभर पाण्यात उभं आहे असं वाटतं. उंची सव्वा ते दीड मीटरच्या घरात, पंख पसरले तर अडीच मीटरच्या आसपास. अंग शुभ्र. डोकं आणि मान काळीकुट्ट, बिनपिसांची. चोच फूटभर लांब, टोकाशी किंचित वर वळलेली. आणि मानेच्या तळाशी लाल कातड्याचा पट्टा. पक्षी उत्तेजित झाला की तो पट्टा फुगतो आणि आणखी भडक होतो.

म्हणजे लाल रंग याच्याकडेही आहे. बेडकाचा लाल सगळ्या जगाला उद्देशून आहे आणि त्याचा अर्थ एकच, खाऊ नका. जाबिरूचा लाल आपल्याच जातीसाठी. त्याला जगाला काही सांगायची गरजच पडत नाही, इथे त्याला खाणार कोण?

आवाजाचंही तेच. करकोच्यांच्या घशात सूर काढण्याची सोय जवळजवळ नसते. जाबिरू फार तर चोच आपटून खडखडाट करतो. तासभर आम्ही त्याला पाहिलं, त्यात त्यानं एकदाही आवाज केला नाही. आणि रविवारचा तो एक ग्रॅमचा प्राणी तासभर थांबलाच नव्हता. हे बोलले तर काका म्हणाले, "मोठ्यांना ओरडावं लागत नाही." मी म्हटलं, "काका, हे तुम्ही घरात कधी पाळलंत?"

तो खात कसा होता ते सांगते. संथ पावलं टाकत चालायचं, अर्धवट उघडी चोच पाण्यात खुपसायची, बाहेर काढायची, पुन्हा खुपसायची. डोळेही वापरतो, पण गढूळ पाण्यात काम मुख्यतः स्पर्शाचं. मासे, खेकडे, गोगलगायी, बेडूक, चिखलातले वाम. एक वाम त्यानं आमच्यासमोर उचलला, हवेत उडवून सरळ केला आणि गिळला. लाल पट्टा खालीवर झाला, एवढंच.

"तुझा तो बेडूक याच्या चोचीत आला तर?" काकांनी विचारलं. प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. दोघांची गाठ पडणं अवघड, कारण एक जंगलाच्या सावलीत पाचोळ्यावर आणि दुसरा उघड्या दलदलीत. पण पडलीच तर बेडकाची सगळी जाहिरात वाया जाईल असं मला वाटतं. चोचीला लागेल ते धरणाऱ्याला लाल काय आणि हिरवं काय. रंगाचा इशारा डोळ्यांनी शिकार करणाऱ्यासाठी असतो. मग उरेल ती फक्त चव, आणि ती कळेपर्यंत एक ग्रॅमचा प्राणी चोचीत चेंगरलेला असेल. गाईड हसला, त्याला हा वाद आवडला होता. त्यानं एवढंच सांगितलं की त्या बेडकाला खाणारे सापही आहेत, ज्यांना ते विष चालतं.

संध्याकाळी गावातल्या कट्ट्यावर बसून मी वहीत दोघांची तुलना लिहायला घेतली आणि ती वजन, उंची, रंग असं करत पाण्यावर येऊन थांबली. जाबिरूची पिल्लं कोरड्या ऋतूत वाढतात. कारण तेव्हा तळं आक्रसतं, मासे डबक्यांत गोळा होतात आणि आईबापांना भराभर मिळतात. पाणी ओसरलं नाही तर मासे पसरलेले राहतात आणि पिल्लं उपाशी. बेडकाच्या पिल्लाचं बरोबर उलटं, त्याचं चमचाभर पाणी दीड महिना टिकायलाच हवं. एकाला पाणी उतरणं हवं, दुसऱ्याला न उतरणं. आमची फोनवरची भांडणं इथूनच आली होती.

बुधवार, बागासेसकडे

ऊपालामार्गे पॅसिफिकच्या उतारावर. डोंगर ओलांडला तसा हिरवा रंग मागे पडला. कान्यासनंतर निष्पर्ण झाडं, धूळ, गवत पेटवल्याचा वास. मार्चमधला मराठवाडा वाटावा असा मुलूख, फक्त मध्येच एखादं इग्वाना रस्ता ओलांडतं. बागासेसहून पालो व्हेर्दे राष्ट्रीय उद्यानापर्यंतचा रस्ता खडीचा. पाठीचे हाल.

गुरुवार, पालो व्हेर्दे

तेंपिस्के नदीच्या खोऱ्यातली ही दलदल कान्यो नेग्रोबरोबरच, 1991 मध्ये रामसर यादीत आली. उद्यान होण्याआधी इथे गुरांचं मोठं रान होतं. उद्यान झालं, गुरं बाहेर काढली, आणि पाणकणीस माजलं. आपल्याकडे सांडपाण्याच्या नाल्यात उगवतं तेच कुळ, माणसाहून उंच. काही वर्षांत उघडं पाणी जवळजवळ दिसेनासं झालं. जाबिरूला चालायला जागा लागते, आणि पाणकणसाच्या गचपणात एवढा मोठा पक्षी शिरू शकत नाही. राखायला गेले आणि गेलं, असं थोडंसं झालं.

उपाय त्यांनी भातशेतीतून उचलला. ट्रॅक्टरला लोखंडी पट्ट्यांची चाकं लावून पाणकणीस पाण्याखाली चिरडायचं. त्याला ते फांगेओ म्हणतात. आमच्याकडच्या भातखाचरात केज व्हीलनं चिखलणी करतात, तेच काम. कापून गेलेला बुडखा पाण्याखाली राहिला की त्याला हवा मिळत नाही आणि तो कुजतो. गुरंही काही प्रमाणात परत आणली गेली. "म्हणजे जंगल वाचवायला म्हशी?" काकांनी विचारलं. म्हशी नाहीत, गायी, पण अर्थ तोच.

घरटं दुर्बिणीतून पाहिलं. पांढऱ्या सावरीच्या कुळातलं उंच झाड, पानं झडलेली, टोकाला काटक्यांचा मोठा ढिगारा. वर्षानुवर्षं त्याच घरट्यात भर घालतात. दोन पिल्लं, करडी, अजून मान सावरताना डुलणारी. एक मोठा पक्षी आला, घरट्याच्या तळावर पोटातलं ओकला आणि पिल्लं त्यावर तुटून पडली. आईबाप दोघंही आळीपाळीनं आणतात. पिल्लं घरट्यातून उडायला साडेतीन महिन्यांच्या आसपास घेतात, आणि त्यानंतरही काही काळ मोठ्यांच्या मागे असतात. त्यामुळे दरवर्षी प्रत्येक जोडपं घरटं करतंच असं नाही. मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत हा पक्षी आढळतो आणि एकूणात तो संकटात मानला जात नाही, पण कोस्टारिकात मोजकेच उरलेत. इथलं एक घरटं पडणं ही बातमी असते.

काकांनी दुर्बीण माझ्याकडे दिली आणि अनपेक्षितपणे बेडकाची बाजू घेतली. "हे दोघं मिळून दोन पिल्लांना वाढवतात, झाडावर, उजेडात. ती एकटी, पाठीवर एकेक घेऊन. अंगाच्या मानानं बघितलं तर चढण तिचीच मोठी." मी पक्ष्याची बाजू घ्यायला गेले तोवर तो उडाला होता. पंखांची उघडझाप सावकाश, आणि सावली पाणकणसावरून सरकत गेली तेव्हा खालची बदकं उठली.

शुक्रवार, परतीचा रस्ता

बागासेसच्या खालची भातखाचरं बघायला मुद्दाम वळसा घेतला. जाबिरू खाचरांतही उतरतात, गोगलगायी आणि वाम मिळतात म्हणून. आम्हाला बगळेच मिळाले. खाचरांना पाणी कालव्यातून, अरेनालच्या धरणाकडून येतं, म्हणजे इथलं पाणी ऋतूप्रमाणे न उतरता वेळापत्रकाप्रमाणे उतरतं. पक्ष्यांना ते कितपत मानवतं, यावर काका आणि गाईड यांचं विमानतळाच्या फाट्यापर्यंत चाललं होतं.

कुणाला जायचं असेल तर: जाबिरूसाठी जानेवारी ते एप्रिल, आणि त्यातही पाणी बरंच उतरल्यावर, पहाटे. बेडकासाठी कॅरिबियनची बाजू, कुठलाही महिना, पण रात्री पाऊस पडून गेला असेल त्या सकाळी जा. दोन्ही एकाच फेरीत हवं असेल तर आधी बेडूक बघा. जाबिरू पाहिल्यानंतर डोळ्यांना दोन सेंटिमीटरची सवय लागायला फार वेळ जातो.